वायसर कोण बदलणार?

तुझं पत्र मिळालं. चार पानं लिहून शेवटी तू दोनच गोष्टी विचारल्यास. गावातल्या नव्या हापशाच्या अहवालात 'पाणी समिती कार्यरत आहे' असं लिहून सही करू का, आणि नोकरी सोडू का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुझं तू शोध. पहिल्याचं माझ्याकडे आहे: सही करू नकोस. (आणि मला 'सर' म्हणणं बंद कर, हे तिसऱ्यांदा सांगतोय.)

तुझी संस्था वाईट आहे असं मी म्हणत नाही. वर्षअखेर तीस हापसे बसले पाहिजेत, देणगीदाराला आकडा गेला पाहिजे, यात कुणी दुष्ट नसतो. असे आकडे मीही पाठवलेत, झोप न उडता पाठवलेत. माझा राग तुझ्या पत्रावर आहे. बोअर किती खोल गेलं, पाणी कितीवर लागलं, बैठकीला किती बायका आल्या, त्यातल्या किती बोलल्या, सगळं आहे. हापशातला वायसर झिजला की तो कोण बदलणार, हे कुठेच नाही. मी पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. नाहीच.

तुझ्याकडे बसतोय तो हापसा म्हणजे इंडिया मार्क टू. त्याच्या आधी गावोगावी बिडाचे पंप बसवत, मुळात एका घराच्या वापरासाठी घडवलेले. त्यावर अख्खं गाव दिवसभर दांडा हाणायचं, आणि ते मोडायचे. धड चालणारं काहीतरी पाहिजे म्हणून जालना-सोलापूरकडे मिशनच्या आणि संस्थांच्या माणसांनी खटपट केली. त्यातून निघालेल्या सोलापूर पंपाच्या आधारावर सत्तरच्या दशकात युनिसेफ, केंद्र सरकार आणि मद्रासचा रिचर्डसन अँड क्रुडास कारखाना यांनी मिळून मार्क टू तयार केला. पुढे तो जगभर गेला. आपल्या क्षेत्रात अभिमान वाटावा अशा ज्या थोड्या गोष्टी आहेत त्यातली ही एक.

पण गोम बघ. मार्क टू वर दणकट आहे आणि खाली अवघड. बोअरमध्ये खाली पाणी उचलणारा दट्ट्या असतो, त्यावरचा वायसर म्हणजे तळहातात मावेल एवढी वाटी, आधी चामड्याची असायची, नंतर रबराची आली. ती झिजली की दांडा कितीही मारा, पाणी येत नाही. आणि ती बदलायची तर तीन-तीन मीटरचे लोखंडी पाइप एकेक करून वर ओढायचे, प्रत्येक सांधा उघडायचा, खालचा पाइप निसटून बोअरमध्ये जाऊ नये म्हणून शिकंजात धरून ठेवायचा. चार-पाच माणसं आणि अवजारांची गाडी लागते. म्हणून तर व्यवस्था तीन पायऱ्यांची केली होती: गावात देखरेख करणारा, तालुक्याला मिस्त्री, जिल्ह्याला फिरतं पथक. पथक आलं नाही की वाटीभर रबरासाठी हापसा बंद. हे ओळखूनच पुढे मार्क थ्री आला. त्यात पाणी वर आणणारा पाइप रुंद, त्यामुळे पाइप न उपसता दट्ट्या वर काढता येतो. १९८१ ते १९९० या संयुक्त राष्ट्रांच्या पाणी दशकात हीच चर्चा जगभर चालली होती, की गावाला स्वतः उघडता येईल असाच पंप बनवा. म्हणजे शहाण्या लोकांनी हा प्रश्न चाळीस वर्षांपूर्वी विचारलाय. तू विचारलेला नाहीस.

आता माझी गोष्ट. पूर्वी सांगितली असेल तर पुन्हा वाच.

एका वस्तीवर आम्ही हापसा बसवला. समितीत अकरा नावं, निम्म्या बायका, ठरावावर सह्या आणि अंगठे, कागद चोख. हापशावर निळ्या रंगात संस्थेचं नाव टाकलं. ब्रश माझ्याच हातात होता, अक्षर तेव्हा बरं होतं माझं. दोन वर्षांनी पाहुण्यांना दाखवायला म्हणून तिकडे गेलो. वाटेतच एका म्हातारीने गाडी अडवली आणि म्हणाली, "तुमचा हापसा बिघडलाय." तुमचा! जाऊन पाहिलं तर दांड्याची साखळी तुटलेली, तिच्या जागी तारेचे पीळ घातलेले, आणि त्यावर थोडंफार पाणी येत होतं. तार बांधली होती सायकली दुरुस्त करणाऱ्या एका पोराने. तो समितीत नव्हता. जे समितीत होते त्यातल्या चौघांना आपण समितीत आहोत हेच माहीत नव्हतं. आणि मी काय केलं? पाहुण्यांसमोर त्या पोराला झापलं, संस्थेच्या मालमत्तेला हात लावायचा नाही म्हणून. सबंध वस्तीत वायसर बदलू शकेल असा एकच माणूस होता, आणि त्याला मी माझ्या तोंडाने हाकलला. त्याच्या हातात पान्हा द्यायला हवा होता. पुढे किती वर्षं मला ते आठवत राहिलं ते सांगत बसत नाही.

म्हणून तुला विचारतो, तुझ्या गावात याआधी काहीतरी मोडलं असेलच. मोटर, गिरणी, देवळाचा भोंगा. ते कुणी दुरुस्त केलं? समिती नंतर कर. आधी तो माणूस शोध. बहुतेक वेळा त्याचं नाव बैठकीत कुणी घेत नाही, कारण तो बैठकीला येतच नाही.

हे म्हाताऱ्याचं खूळ वाटत असेल तर दक्षिण आफ्रिकेतल्या प्लेपंपची हकीकत काढून वाच. मुलं चक्रावर खेळतील आणि खेळता खेळता पाणी टाकीत चढेल, अशी कल्पना. ऐकणारा लगेच प्रेमात पडायचा. २००६ मध्ये त्याला अमेरिकेतून १ कोटी ६४ लाख डॉलरचं पाठबळ जाहीर झालं, आफ्रिकेत चार हजार चक्रं बसवायची म्हणून. मुलं काही दिवसभर खेळत नाहीत. मग बायकाच ते जड चक्र ढकलत बसल्या, काही ठिकाणी तर चालता हापसा काढून त्या जागी हे बसवलेलं. बिघडलं की गावात उघडता येत नाही, बाहेरच्या मिस्त्रीची वाट बघा. २०१० पर्यंत मोहीम गुंडाळली गेली. आणि साध्या हापशांचं काय? सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत साधारण तीनातला एक हापसा कुठल्याही वेळी बंद असतो, असा अंदाज या क्षेत्रातल्या लोकांनीच २००९ च्या सुमारास मांडला. पाणी आटलं म्हणून बंद पडलेले त्यात आहेतच. पण वायसर, साखळी, गंजलेला पाइप यांनी बंद पडलेले कितीतरी.

तू म्हणशील, गाव वर्गणीच काढत नाही, मी काय करू. इथे थांब. गावानेच सगळं करावं असं मी कुठे म्हटलं? हा तुमच्या पिढीच्या प्रशिक्षणांतला घोळ आहे. (तो आमच्याच पिढीने घातला, हेही खरं.) गावावर सोपवलं की आपण मोकळे, याला आपण 'लोकसहभाग' असं गोंडस नाव दिलं. केनियात किटुई आणि क्वाले भागांत फंडीफिक्स नावाची दुरुस्ती सेवा चालते. लोक ठरलेले पैसे भरतात, पंप बंद पडला की मिस्त्री येतो, आणि तो किती दिवसांत चालू झाला यावर सेवेचं मोजमाप होतं. आठवडे जायचे तिथे दिवसांवर आलं. म्हणजे दुरुस्ती गावातला पोरगा करेल, तालुक्याचा मिस्त्री करेल नाहीतर पगारी सेवा करेल. कुणीही चालेल. पण नाव सांग, आणि त्याचे पैसे कुठून येणार ते सांग. मला माणसाचं नाव हवंय, समितीचं नको.

आणि हो, हट्टाची किंमत असते, तेही लिहितो, नाहीतर तू मला साधू समजशील. एका गावात देखभालीचा निधी जमत नाही तोवर काम सुरू करायचं नाही, असं मी अडवून धरलं. चौदा महिने. त्यात एक सबंध उन्हाळा गेला. बायका लांबून पाणी आणत होत्या आणि मी तत्त्व सांगत होतो. त्यांच्यातली एक म्हणाली, "तुमचं तत्त्व हंड्यात भरा आणि डोक्यावर घेऊन चालून दाखवा." उत्तर नव्हतं, आजही नाही. संस्थेने मला त्या कामावरून काढलं, दुसऱ्याने महिनाभरात हापसा बसवला. तो चालला का बंद पडला हे मी कधी जाऊन पाहिलं नाही. बंद पडला असता तर मला आनंद झाला असता, याची भीती वाटली. तरीही सांगतो, माझा प्रश्न बरोबर होता. विचारायची रीत चुकली. अडवून धरायच्या ऐवजी त्या चौदा महिन्यांत मी दोन पोरांना पाइप उपसायला शिकवू शकलो असतो. हे मला आता सुचतंय.

तेव्हा तू अडवून धरू नकोस, आणि खोटी सहीही करू नकोस. 'समिती कार्यरत'च्या रकान्यात लिही: 'समिती कागदावर आहे, दुरुस्तीची व्यवस्था अजून नाही.' साहेब चिडतील. चिडू देत. कदाचित हापसाही ठरल्या तारखेलाच बसेल, बसू दे.

सोमवारी गावात जाशील तेव्हा गोदामातून वायसरचे दोन संच आणि पान्हे मागून घे. गोदामवाला सही मागेल, ती मात्र खुशाल कर. जुन्या शाळेजवळचा बंद हापसा तू पत्रात ओझरता लिहिलास, तोच उघडायला लाव. पाइप वर काढताना कोण न सांगता पुढे येतो आणि कोण नुसता सल्ले देतो, ते बघून ठेव. मग मला फोन कर, आणि बैठकीचं काही सांगायच्या आधी त्याचं नाव सांग.