सशाची लाळ, दाढा आणि बंद पडलेलं पोट

प्रश्न : आमचा अडीच वर्षांचा ससा पोळी, भिजवलेला हरभरा आणि गाजर यांवरच वाढला. आठवडाभर त्याची हनुवटी लाळेने ओली दिसते, गवत तोंडात घेतो आणि टाकून देतो. कालपासून लेंड्याही नाहीत. घरीच दात कापावेत का? घरात अमॉक्सिसिलिनच्या गोळ्या आहेत, त्या चालतील का?
– एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : गोळी अजिबात देऊ नका. अमॉक्सिसिलिन पोटात गेलं की सशाच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, विषारी जंतू माजतात आणि जुलाब लागून ससा दगावतो.

दहा-बारा तास खाणं आणि लेंड्या बंद म्हणजे जीवावरचं दुखणं. त्याला आजच पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. निघण्याआधी पोट चाचपून पाहा. ढोलकीसारखं ताणलेलं असेल तर काहीही भरवू नका. मऊ असेल तर सशाच्या गोळीखाद्याची कोमट पाण्यात पातळ पेज करा आणि बिनसुईच्या सिरिंजने समोरच्या दातांच्या मागून, बाजूने, एकेक मिलि सोडा. किलोमागे एका वेळी 10 मिलि, दिवसातून चार-पाच वेळा. कान गार लागले तर कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा.

लक्षणं पाहता मूळ दुखणं दाढांचं वाटतं. सशाचे दात आणि दाढा जन्मभर वाढतात. गवत चघळताना जबडा आडवा फिरतो, त्यानेच दाढा झिजतात. पोळी-हरभऱ्याला तेवढं चघळावं लागत नाही. मग खालच्या दाढांची टोकं जिभेला आणि वरच्यांची गालाला टोचतात. ससा खाणं सोडतो, आतडं मंदावतं, वायू धरतो, त्या कळेने खाणं आणखी तुटतं.

दाढा घरी दिसतच नाहीत. भूल देऊन घासाव्या लागतात. तालुक्याला सोय नसेल तर नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा. सशाला उलटी होत नाही, त्यामुळे भुलीआधी उपाशी ठेवायची गरज नसते. समोरचे दातही नेलकटरने कापू नका, ते मुळापर्यंत चिरतात.

बरा झाल्यावर सुकं गवत चोवीस तास समोर हवं. पवन्या, मारवेल चांगलं. धानाची तणीस चघळायला चालते, पण नुसत्या तणशीवर पोषण होत नाही. धुऱ्यावर तणनाशक मारलं असेल तर तिथलं गवत नको, बुरशीचा वास येणारंही नको. ज्वारीचे कोवळे पोंगे विषारी असतात. पोळी, हरभरा, ढेप बंद. गाजराची एखादी चकती पुरे. हा बदल दोन-तीन आठवड्यांत हळूहळू करा.

प्रश्न : ससा स्वतःच्याच मऊ लेंड्या खातो. जंत झाले असतील का?
– एक वाचक, जि. गोंदिया

उत्तर : नाही. आतड्यात आंबलेल्या त्या लेंड्यांतून त्याला प्रथिनं आणि जीवनसत्त्वं मिळतात, खाऊ द्या. त्या न खाता शेपटीखाली चिकटत असतील तर दाणा जास्त होतोय किंवा ससा लठ्ठ झालाय. पावसाळ्यात तिथे माश्या अंडी घालतात आणि दिवसभरात अळ्या पडतात. रोज सकाळ-संध्याकाळ शेपटी उचलून पाहा, मळलेली जागा ओल्या फडक्याने पुसून कोरडी करा. अंघोळ घालू नका. अळी दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.