रिकनेक्शन मेमोवर सही करण्याआधी

प्रिय बाळ,

सिग्नल खात्यात रुजू झालीस, फार आनंद झाला. ‘कवच आल्यावर आपलं काम हलकं होईल ना काका?’ असं विचारलंस, म्हणून लिहायला बसलो.

कवच, म्हणजे गाड्यांची टक्कर टाळणारी स्वयंचलित यंत्रणा, हवंच. रुळांमधल्या आरएफआयडी टॅगवरून इंजिनाला आपली जागा कळते, रेडिओवरून पुढचा सिग्नल कळतो, आणि लाल सिग्नल असूनही चालकाने ब्रेक लावला नाही तर यंत्रणा स्वतः लावते. पण सिग्नल हिरवा आहे हे कवचला सांगतं स्टेशनातलं इंटरलॉकिंग, म्हणजे मार्ग आणि सिग्नल यांचा मेळ राखणारी यंत्रणा. आणि सांधा, म्हणजे गाडीला दुसऱ्या रुळावर वळवणारे हलते रूळ, कुठे लागलाय हे इंटरलॉकिंगला सांगते तू जोडलेली वायर.

ओडिशातल्या बहानगा बाजारचा अपघात विसरू नकोस. २ जून २०२३. कोरोमंडल एक्स्प्रेसला मेन लाइनचा हिरवा सिग्नल होता, सांधा मात्र लूपकडे, म्हणजे बाजूच्या रुळाकडे लागलेला. चालकाने सिग्नल पाळला होता गं, हेच मला अजून सहन होत नाही. ताशी सव्वाशे किलोमीटरच्या वेगात गाडी लोहखनिजाच्या उभ्या मालगाडीवर आदळली, डबे शेजारून जाणाऱ्या बेंगळुरू–हावडा गाडीच्या मागच्या डब्यांवर गेले. २९० हून अधिक माणसं गेली.

रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत निघालं काय? २०१८ मध्ये सर्किट बदलताना झालेली चूक, वायरींची चुकीची लेबलं, आणि त्या दिवशी फाटकाच्या बॅरियरचं काम. त्याआधी मे २०२२ मध्ये बांकरानयाबाज स्टेशनात चुकीच्या वायरिंगने आणि केबलच्या दोषाने असाच प्रकार घडला होता. तो धडा तेव्हाच सगळीकडे गिरवायला हवा होता.

काम संपत आलं की कंट्रोल रूमचे फोन सुरू होतील, गाड्या खोळंबल्यात, रिकनेक्शन मेमो द्या, म्हणजे काम पूर्ण होऊन यंत्रणा पुन्हा जोडल्याचं लिहून द्या म्हणून. तपासल्याशिवाय देऊ नकोस. मी टॉर्च घेऊन सांध्यापर्यंत चालत जायचो. सांध्याच्या दोन्ही स्थिती ताडून बघायचो: पॅनेलवर नॉर्मल, जमिनीवर नॉर्मल. पॅनेलवर रिव्हर्स, जमिनीवर रिव्हर्स. दोन्ही डोळ्यांनी पाहिलं की मगच सही. यात गाड्या लेट झाल्या, बोलणीही खाल्ली.

स्टेशन मास्तरांकडेही रोज चौकशी कर. बहानग्याला सांधा आधीही विचित्र वागत होता. ते सिग्नलवाल्यांना कळवलं असतं तर चूक सापडू शकली असती, असं अहवालच म्हणतो.

तुझ्या लोकेशन बॉक्समधली, म्हणजे रुळांकाठच्या वायरींच्या पेटीतली लेबलं नकाशाशी ताडून पाहा, आणि काय आढळलं ते पुढच्या पत्रात कळव.

तुझा,
काका