'बोगातीर'मध्ये देव शोधू नका

प्रश्न असा आहे: रशियन चित्रकार व्हिक्टर वास्नेत्सोवच्या तीन घोडेस्वार वीरांच्या प्रसिद्ध चित्राचं नाव मराठीत 'बोगातीर' लिहावं की 'बोगाटिर'? 'तीन सरदार' हे भाषांतर चालेल का? आणि रशियनमध्ये 'बोग' म्हणजे देव, मग बोगातीर म्हणजे देवाचे वीर का?

'सरदार' मुळीच नको. चित्रात मधोमध, काळ्या घोड्यावर, कपाळाशी हात धरून लांबवर बघणारा इल्या मूरोमेत्स हा शेतकऱ्याचा पोर. 'बिलीना' म्हणजे रशियन पवाड्यांत तो तिशी उलटेपर्यंत लुळा होऊन चुलाण्यावर पडून असतो. उजवीकडचा अल्योशा पोपोविच, म्हणजे पाद्र्याचा मुलगा. (वास्नेत्सोवही पाद्र्याचाच मुलगा. अल्योशाच्या खोगिराला वाद्य अडकवताना त्याला मजा आली असणार.) घरंदाज काय तो डावीकडचा दोब्रीन्या.

'देवाचे वीर' हे मात्र ऐकून ऐकून कान किटले. आपल्याकडचे उत्साही लोक तर 'बोग' म्हणजे संस्कृत 'भग' एवढं कळलं की थेट 'भगवंत'पर्यंत जाऊन पोचतात. 'बोग' आणि 'भग' खरोखर एकाच कुळातले. रशियन 'बोगाती' म्हणजे श्रीमंत, तोही त्याच घरचा. पण बोगातीर त्या घरचा नाही. फ्योदोर बुस्लायेवसारख्या रशियन पंडितानंही 'बोग' ते 'बोगाती' ते 'बोगातीर' अशी शिडी लावली होती. पंडित मोठा, पण शिडी हवेत.

हा शब्द गवताळ मैदानातून, घोड्यावर बसून आला. तुर्की-मंगोल 'बघातूर'. चंगीझखानाचा बाप येसुगेई बघातूर. फारसीत 'घ'चा 'ह' आणि 'त'चा 'द' झाला, 'बहादूर' तयार झाला आणि तोच आपल्याकडे आला. म्हणजे इल्या मूरोमेत्स आणि पानिपतावर लढलेला आपला समशेर बहाद्दर यांची पदवी एकच! काही जण 'बघातूर'मधल्या 'बघ'लाही इराणी 'बग' म्हणजे देव मानतात. मानोत बापडे. रशियनांनी शब्द उचलला तो आयता, मंगोलांच्या तोंडचा.

पुरावा हवा? जुन्या रशियन इपात्येव बखरीत 1240 च्या कीवच्या वेढ्याची हकीकत आहे. तोव्रूल नावाचा एक तातार (रशियन मंगोलांना तातारच म्हणत) पकडला जातो आणि मंगोल बातूखानाच्या सेनापतींची नावं सांगतो. त्यात 'सेबेद्याय बोगातूर' येतो, म्हणजे खुद्द सुबुताई. ही पदवी कीव जाळायला आलेल्यांची होती. घरच्या वीरांना जुना शब्द होता 'खोरोब्र'. मग तातारांशी लढणाऱ्या नायकांनाच तातारांची पदवी चिकटली आणि 'खोरोब्र' अडगळीत गेला. कलासमीक्षक व्लादिमीर स्तासोवनं 1868 मध्ये याच्याही पुढे जाऊन 'बिलीनांच्या कथाच पूर्वेकडून आल्या' असं लिहिलं, तेव्हा देशभक्त मंडळी खवळली. कथांबाबत त्यानं जरा जास्तच ताणलं, पण नाक बरोबर दिशेला होतं. पुढे त्याच स्तासोवनं वास्नेत्सोवच्या या 'अस्सल रशियन' चित्राचं तोंड भरून कौतुक केलं, हे मला फार आवडतं.

वास्नेत्सोवनं 1882 च्या दुसऱ्या एका चित्रातल्या, चौरस्त्यावर थांबलेल्या वीराला मात्र बोगातीर न म्हणता 'वित्याझ' म्हटलं. तो शब्द बहुधा जर्मानिक कुळातला. राष्ट्रीय चित्रकाराचे दोन्ही वीर उसन्या नावाचे.

मग मराठीत काय? माझं मत 'तीन बहाद्दर'. 'बहादूर' नव्हे, त्याला रावबहादुराच्या पगडीचा वास येतो. मराठी तोंडात 'द' दुप्पट झाला आणि शब्द दरबारातून तालमीत उतरला. आता 'काय बहाद्दर आहेस!' यात कौतुकही असतं आणि चिमटाही. कडेनं मिस्कील बघणाऱ्या अल्योशाला दुसरा शब्द बसतच नाही. कुणी म्हणेल, शब्द कुळानं एक म्हणून भाषांतरात चालतोच असं नाही. इथे चालतो.

हां, लेखन. 'बोगातीर' लिहा, 'ट' इंग्रजीतून आलेला आहे, रशियन 'त' दंत्य. रशियन माणूस बोलताना पहिला 'ओ' जवळजवळ गिळतो आणि आघात 'ती'वर देतो. मूळ नाव अनेकवचनी, 'बोगातीरी'. 1881 ते 1898 एवढा काळ वास्नेत्सोवनं हे चित्र रंगवलं, जवळजवळ तीन मीटर उंच आणि साडेचार मीटर रुंद, आणि ते मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह संग्रहालयात आहे. 'त्रेट्याकोव्ह' नव्हे.