पेपरात आपली बातमी कशी येणार?

प्रश्न: मी पैठणीच्या उरलेल्या काठांपासून पर्स बनवते, पंचवटीत राहते. दोन-तीन पेपरांना व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवले पण कुणी उत्तरच देत नाही. काय करू?

उत्तर: ताई, तुमचं काम छान आहे पण नुसते फोटो पाठवून भागत नाही हो, रिपोर्टरला "आमच्या पर्स बघा" यात जाहिरात दिसते आणि तो मेसेज सोडून पुढे जातो. त्याला बातमी द्या. येवल्याची पैठणी आपल्याच नाशिक जिल्ह्यातली, तिला जीआय टॅग (म्हणजे त्या भागाची खास वस्तू असल्याचं सरकारी मानांकन) आहे, आणि तिचे वाया जाणारे काठ तुम्ही वापरताय, हे पहिल्याच ओळीत यायला हवं. म्हणजे असं बघा, "येवल्याच्या विणकरांकडे उरणाऱ्या काठांना पंचवटीत नवं रूप". बास, मग पाच-सहा ओळी, कोण, कुठे, कधीपासून, सोबत किती बायकांना काम मिळतं (खरा आकडाच लिहा, फुगवू नका), दोन चांगले फोटो, मोबाईल नंबर. मजकूर युनिकोडमध्ये (म्हणजे मोबाईलवर आपण साधं मराठी टाईप करतो तसा) टाईप करून पाठवा, कागदाचा फोटो नको, कारण तो परत टाईप करायला तिकडे कुणाला वेळ नसतो.

आणि सगळ्यांना एकच फॉरवर्ड नको. देशदूत, गावकरी, लोकमत, सकाळ, जो पेपर असेल त्याची नाशिकची पानं आठवडाभर वाचा, महिला उद्योजकांवर कोण लिहितं ते बघा आणि त्या रिपोर्टरलाच, त्याचं नाव घालून मेल करा. फोन दुपारी करा, संध्याकाळी दुसऱ्या दिवशीच्या पेपरची पानं लागत असतात. दिवाळीसाठी महिनाभर आधीच पाठवा.