जूनच्या अखेरीस जपानमधल्या क्योतोला जात आहोत. तिथल्या शिंतो धर्माच्या देवळात परक्या माणसाने दर्शन घेतलेले चालते का, आणि त्या दिवसांत तिथे काही विशेष असते का?

चालते, तिथे कोणी धर्म विचारत नाही. तुमच्या मुक्कामात ३० जून येत असेल तर तो दिवस देवळासाठीच राखून ठेवा. त्या दिवशी ‘नागोशी नो हाराए’ असतो, म्हणजे वर्षाच्या पहिल्या सहा महिन्यांत अंगाला चिकटलेला दोष धुऊन टाकण्याचा विधी.

तोरीई या कमानीपाशी किंचित वाकावे आणि वाटेच्या कडेने चालावे, कारण मधली वाट देवाची मानतात. आपला हात सवयीने चपलेकडे जातो, पण मंडपासमोर उभ्याने दर्शन घेताना पादत्राणे काढायची नसतात. पाण्याच्या कुंडाशी ओगराळ्याने आधी डावा हात, मग उजवा धुवावा आणि डाव्या ओंजळीतल्या पाण्याने चूळ भरावी. ओगराळ्याला तोंड लावू नये. पेटीत नाणे टाकून दोनदा वाकावे, दोन टाळ्या वाजवून हात जोडावे आणि पुन्हा एकदा वाकावे. मूर्ती दिसत नाही. पहिल्या खेपेस मी बराच वेळ आत डोकावत राहिलो होतो, ते आठवून आजही ओशाळल्यासारखे होते.

३० जूनच्या सुमारास अनेक देवळांत गवताचे माणसाहून उंच कडे उभारतात, त्याला ‘चिनोवा’ म्हणतात. त्यातून डावीकडे, उजवीकडे आणि पुन्हा डावीकडे वळसा घेत तीनदा जायचे आणि मग देवासमोर यायचे. आठवण म्हणून कड्यातली काडी उपटू नका. इतरांनी मागे टाकलेले दोष तिच्याबरोबर घरी येतात, अशी समजूत आहे. माणसाच्या आकाराचा कागदही मिळतो. त्यावर नाव व वय लिहून तो अंगावरून फिरवायचा, त्यावर फुंकर घालायची आणि देवळात द्यायचा. मला तर दृष्ट काढणारी आजीच आठवली. कामिगामो देवळात हे कागद रात्री मशालींच्या उजेडात आवारातल्या ओढ्यात सोडतात, आणि निवड करायची झाली तर मी तुम्हाला तिथेच जायला सांगेन.

हे दिवस पावसाळ्याचे असल्याने छत्री हवीच. ३० जूनला क्योतोत ‘मिनाझुकी’ नावाची त्रिकोणी वडी खातात. पांढरा थर बर्फाच्या तुकड्यासारखा, वर अझुकी या लाल कडधान्याचे दाणे. पूर्वी उन्हाळ्यात बर्फ सामान्यांच्या आवाक्यात नव्हता, म्हणून त्याच्या आकाराची ही मिठाई. आपल्या जिभेला ती जरा अगोड लागेल.