भाऊ निपाणीला, बहीण डब्लिनला: बायपोलरचं दिव्यांग सर्टिफिकेट कसं काढायचं?

डब्लिनहून एका ताईंचं पत्र आलंय. माहेर निपाणीजवळच्या खेड्यात, बाबा मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार होऊन रिटायर झालेले, धाकट्या भावाला बायपोलर (मूड कधी फार चढतो, कधी फार पडतो असा मानसिक आजार), गोळ्या कोल्हापूरच्या खाजगी डॉक्टरांच्या. विचारतायत की भाऊ दिसायला ठणठणीत, चार लोकांत झकास बोलतो, मग त्याला सर्टिफिकेट देणार कोण आणि दिलं तरी त्याचा उपयोग काय?

ताई, मिळतं की. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यात मानसिक आजार येतो आणि बायपोलर त्यातच बसतो. पण डॉक्टरांनी चिठ्ठीवर बायपोलर लिहिलं की झालं काम, असं नाही, इथंच बरीच घरं अडकतात. सर्टिफिकेट देणारं मेडिकल बोर्ड बघतं ते आजारामुळं माणसाचं काय काय बंद पडलंय ते. त्यासाठी आयडियाज नावाची मोजपट्टी आहे: स्वतःची निगा, माणसांत वागणं, बोलणं-समजून घेणं आणि काम, या चारांना प्रत्येकी 0 ते 4 मार्क, वर आजार किती वर्षांचा आहे त्याचे मार्क. बेरीज 7 झाली की 40 टक्के, आणि 40 च्या खाली असाल तर बहुतेक योजनांची दारं बंदच.

आता बायपोलरची गंमत (गंमत कसली, डोक्याला ताप) अशी की तपासणीच्या दिवशी माणूस नेमका बरा असतो. इस्त्रीचा शर्ट घालून जातो, डॉक्टरांशी हसून बोलतो, मागची दोन वर्षं कशी गेली ते त्या दहा मिनिटांत कुणाला दिसणार? म्हणून फाइल हवी, आणि ती डब्लिनमध्ये बसून तुम्हीच करू शकता, आईबाबांच्यानं ते होणार नाही. अ‍ॅडमिट झाला त्या वेळची डिस्चार्ज कार्डं, लिथियमच्या गोळ्या चालू असतील तर रक्तातल्या लेव्हलचे रिपोर्ट, नोकरी सुटल्याची पत्रं, आणि एका कागदावर महिनावार साधं टिपण: या महिन्यात आठवडाभर झोपला नाही, उसनवारी करून बुलेट घेतली, पुढचे दोन महिने अंथरुणातून उठला नाही, अंघोळीला आईनं ढकलावं लागलं. असलं लिहायला लाज वाटते, कळतंय, पण मार्क यावरच मिळतात. डॉक्टरांनाही सांगा की निदानासोबत हे दोन ओळींत लिहा.

आणि एक, कुणीतरी शहाणा सांगेल की बोर्डापुढं जाण्याआधी चार दिवस गोळ्या बंद ठेवा म्हणजे आजारी दिसेल. अजिबात ऐकू नका. त्यात माणूस हातचा जाईल.

अर्ज यूडीआयडीच्या (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन होतो. आधार कर्नाटकचं आणि औषधोपचार महाराष्ट्रात, ही आपल्या सीमाभागाची नेहमीची भानगड. नियमानं राहत्या जिल्ह्यात अर्ज करता येतो किंवा जिथं उपचार झालेत त्या सरकारी दवाखान्यात, खाजगी डॉक्टर त्यात धरत नाहीत. म्हणून सरळ बेळगावचं बिम्स, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजचा दवाखाना धरा. सर्टिफिकेट देशभर चालतं, पण पेन्शन कर्नाटक सरकारची आणि तिचा अर्ज नाडकचेरीत (तिथलं महसूल खात्याचं ऑफिस), तिथं सगळं कन्नडमध्ये. भाषेचा वाद आपण साठ-सत्तर वर्षं घालतोयच, फॉर्म भरायच्या दिवशी तो घरी ठेवा आणि कन्नड लिहिणारा कुणीतरी सोबत न्या. कर्नाटकात पंचायतीला दिव्यांगांसाठी गावपातळीचा पुनर्वसन कार्यकर्ता असतो, त्याला आधी गाठा, अर्धी पायपीट वाचते.

पैशाचं म्हणाल तर राज्याची पेन्शन 40 टक्क्यांपासून, उत्पन्नाची अट आहे आणि रक्कम तुटपुंजी. केंद्राची 80 टक्क्यांपासून, तीही बीपीएलला, आणि तिच्यात केंद्राचा वाटा महिना 300 रुपये. एजंट निरामय विमा काढून देतो म्हणेल, तो ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व, बहुविकलांगता यांना आहे, बायपोलरला नाही. अवलंबित दिव्यांगाच्या खर्चाची इन्कमटॅक्समधली वजावट भारतात रहिवासी असलेल्यालाच मिळते, तुम्ही एनआरआय, तुम्हाला नाही, बाबांना मिळू शकते, तीही जुन्या पद्धतीनं टॅक्स भरत असतील तर.

तुमच्या घरात खरी किंमत आहे ती बाबांच्या पेन्शनची, आणि पत्रात तुम्ही ती एका ओळीत उरकलीय. फौजेत आईबाबांच्या माघारी, स्वतः कमवू न शकणाऱ्या दिव्यांग मुलाला फॅमिली पेन्शन मिळू शकते, मानसिक आजारही त्यात धरतात. बाबा हयात असतानाच मुलाचं नाव पीपीओवर (पेन्शन मंजुरीचा कागद) चढवून घेता येतं. नंतर भावाला एकट्याला सगळं सिद्ध करत बसावं लागेल, आणि तेव्हा तो कुठल्या मूडमध्ये असेल कुणी सांगावं. रेजिमेंटचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावातच आहे. ईसीएचएसचंही (माजी सैनिकांची उपचारांची योजना) तिथंच विचारून घ्या. एक लक्षात ठेवा, मानसिक आजाराला बऱ्याचदा मुदतीचं सर्टिफिकेट देतात, मुदत संपायच्या आधी परत तपासणी लावायची, ती तारीख तुमच्या मोबाइलमध्ये टाकून ठेवा.

राहिला भाऊ स्वतः. ओटीपी त्याच्याच मोबाइलवर येणार, म्हणजे त्याला न सांगता हे होणारच नाही आणि होऊही नये, सज्ञान माणूस आहे. वेड्याचा शिक्का नको, लग्न मोडेल, असं आई म्हणेल, तोही म्हणेल. तब्येत स्थिर असेल तेव्हाच विषय काढा, चढत्या मूडमध्ये तर तो मला कसली पेन्शन, मीच दहा जणांना नोकरी देतो म्हणेल. मध्येच बिघडलं तर आईला 14416 लावायला सांगा, सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, फुकट. तो नाही म्हणाला तर सहा महिने थांबा, तोवर फाइल जमवत राहा, आणि बाबांना आजच पीपीओचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला सांगा.