परदेशी एम.ए.ला निघण्याआधी : वाचकांचे प्रश्न

ब्रिटनमध्ये समाजशास्त्र, राज्यशास्त्र, विकास अभ्यास, सामाजिक धोरण अशा विषयांच्या एक वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला निघालेल्या विद्यार्थ्यांची पत्रे या वेळी घेतली आहेत. बहुतेक पत्रांत एकच धास्ती आहे : माझं इंग्रजी. ती खोटी नाही, पण तिचा रोख बरेचदा चुकीच्या जागी असतो.

प्रश्न : बी.ए. मराठी माध्यमातून केलं. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत ७ बँड मिळाले, प्रवेशही झाला. तरी इंग्रजी कमी पडेल का? हाताशी चार महिने आहेत. (वाचक, लातूर)

७ बँड म्हणजे दाराच्या आत जाण्यापुरतं इंग्रजी नक्की आहे. आतलं काम मात्र वेगळं आहे. आयईएलटीएसच्या लेखनातला मोठा प्रश्न २५० शब्दांचा असतो, ४० मिनिटांत मनाने लिहायचा असतो. तिथे कुणाचं पुस्तक वाचून, त्याचा आधार देऊन काही मांडावं लागत नाही. एम.ए.च्या एका मॉड्यूलचा (म्हणजे एका विषयाचा) निबंध साधारण २,५०० ते ४,००० शब्दांचा असतो आणि तो पंधरा-वीस लेख-पुस्तकांवर उभा राहतो. वाचनाच्या परीक्षेत उत्तर उताऱ्यातच दडलेलं असतं. एम.ए.ला मुळात तो उतारा पटतो का, हे विचारतात.

वेळेचं गणित समजून घ्या. पूर्ण अभ्यासक्रम १८० क्रेडिटचा असतो आणि एक क्रेडिट म्हणजे अभ्यासाचे १० तास धरतात. म्हणजे २० क्रेडिटच्या मॉड्यूलला २०० तास. त्यांतले वर्गातले तास जेमतेम वीस-तीस, उरलेले सगळे तुमचे तुम्ही. आपल्याकडे वर्ग आणि नोट्स यांवर विसंबण्याची सवय लागलेली असते. पहिल्या सत्रात मुलं कोलमडतात ती बहुधा इथे, व्याकरणात नाही.

चार महिन्यांत हे करा. विभागाच्या संकेतस्थळावरून एका मॉड्यूलची वाचनयादी मिळवा. कित्येक विद्यापीठांच्या याद्या कुणालाही पाहता येतात. त्यातून आठवड्याला दोन लेख वाचा आणि त्यांपैकी एकाचा ३०० शब्दांत इंग्रजी गोषवारा लिहा. त्याखाली १०० शब्दांत तुमचं मत. चौथ्या महिन्यात १,५०० शब्दांचा एक पूर्ण निबंध संदर्भांसह लिहा आणि जाणत्या माणसाला दाखवा. त्यांना चुका काढायला सांगू नका, ‘यात माझं म्हणणं काय आहे ते एका वाक्यात सांगा’ एवढंच विचारा. सांगता आलं नाही, तर निबंध पुन्हा लिहायचा.

मराठी माध्यमाचा कमीपणा वाटून घेऊ नका. एखादी संकल्पना अडली तर मराठी विश्वकोशातली नोंद आधी वाचा, भाषा संचालनालयाच्या परिभाषा कोशात तिचा मराठी शब्द पाहा, मग इंग्रजी लेखाकडे वळा. समजलेली गोष्ट परक्या भाषेत लिहिणं कठीण असतं, पण न समजलेली गोष्ट परक्या भाषेत लिहिणं अशक्य.

ज्यांना अर्धा-एक बँड कमी पडतो, त्यांच्यासाठी विद्यापीठं उन्हाळ्यात प्री-सेशनल, म्हणजे अभ्यासक्रमाआधीचे इंग्रजीचे, वर्ग घेतात. बँड जितका कमी, तितका वर्ग लांब : काही आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत. शुल्क आणि राहण्याचा खर्च वेगळा पडतो, तो आधीच हिशेबात धरा. बँड पुरेसे असूनही परवडत असेल, तर छोटा वर्ग जरूर करा. तिथे निबंध, सेमिनार आणि संदर्भ देण्याचा सराव होतो, तोही गुण मोजले जाण्याआधी.

प्रश्न : एका लेखाला मला दोन दिवस लागतात. प्रत्येक अनोळखी शब्द कोशात पाहतो. आठवड्याला शंभर-सव्वाशे पानं कशी उरकायची? (वाचक, परभणी)

पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सलग वाचणं थांबवा. पंचवीस पानांच्या लेखाचा सारांश, प्रस्तावना आणि निष्कर्ष आधी वाचा, मग मधले मथळे. याला अर्धा तास पुरतो. इथे थांबून मराठीतच दोन ओळी लिहा : लेखक काय म्हणतो आणि कुणाच्या विरोधात म्हणतो. मग मधला भाग वाचा, पण फक्त पुरावा शोधत. माहिती कुठून आली, किती लोकांशी बोलले, कोणत्या गावात, कोणत्या वर्षी? तिसऱ्यांदा वाचायची ती निबंधात वापरायची असलेली चार-पाच पानंच.

शब्दांचं म्हणाल, तर न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली ५७० शब्दकुलांची (एक शब्द आणि त्यापासून बनलेले शब्द मिळून एक कुल) ‘ॲकॅडेमिक वर्ड लिस्ट’ प्रसिद्ध केली. अभ्यासलेखनातले सुमारे दहा टक्के शब्द एवढ्या यादीत येतात. रोज पाच शब्दकुलं केली तर चार महिन्यांत यादी संपते. खरा धोका अवघड शब्दांचा नसतो, ओळखीच्या शब्दांचा असतो. ‘एजन्सी’ म्हटलं की आपल्याला गॅसची एजन्सी आठवते. समाजशास्त्रात तो शब्द माणसाच्या कर्तेपणासाठी येतो. संख्याशास्त्रातलं ‘सिग्निफिकंट’ म्हणजे ‘महत्त्वाचं’ नव्हे. तिथे प्रश्न एवढाच असतो, की मुळात फरक नसताना निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता पुरेशी कमी आहे का. असे शब्द वेगळ्या वहीत, ज्या वाक्यात भेटले त्या वाक्यासह उतरवा.

प्रश्न : प्री-सेशनलच्या निबंधावर शेरा आला : ‘वर्णनात्मक आहे, चिकित्सक नाही.’ मी तर दहा लेखकांची मतं दिली होती. मग चुकलं काय? (वाचक, सध्या लीड्स)

दहा मतं दिलीत, हेच. चिकित्सा म्हणजे लेखकांची रांग लावणं नव्हे, आणि दोष काढणंही नव्हे. दोन लेखकांचं जमत नसेल तर का जमत नाही, हे सांगणं म्हणजे चिकित्सा.

समजा विषय बचत गटांचा आहे. ‘अ यांच्या मते गटांमुळे स्त्रियांचं सबलीकरण होतं. ब यांच्या मते होत नाही.’ हे वर्णन झालं. आता हे पाहा : ‘अ सबलीकरण मोजतात ते स्त्रीच्या उत्पन्नावरून, ब मोजतात ते घरातल्या निर्णयांवरून. त्यामुळे दोघांचे निष्कर्ष परस्परविरोधी दिसले तरी ते एकाच घरात एकाच वेळी खरे असू शकतात.’ लेखक तेच, शब्द थोडेच जास्त, पण इथे लिहिणाऱ्याने स्वतः काहीतरी केलं आहे. गुण याला मिळतात. ब्रिटनमध्ये एम.ए.ला साधारणपणे ५० ला उत्तीर्ण, ६० ला मेरिट आणि ७० ला डिस्टिंक्शन असतं. पन्नाशीतून साठीत नेणारी पायरी बहुतेकदा हीच.

याचा उत्तम नमुना आपल्याच घरचा आहे. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध वाचला. तेव्हा ते पंचवीस वर्षांचे विद्यार्थी होते. निबंधात सुरुवातीलाच जातीचे अभ्यासक सेनार, नेसफील्ड, रिस्ली आणि ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर या चौघांच्या जातीच्या व्याख्या येतात. पण बाबासाहेब त्या नुसत्या मांडून पुढे जात नाहीत. आधी केतकर सोडून बाकी तिघांतला समान दोष सांगतात : जात ही सुटी वस्तू असल्यासारखी व्याख्या केली आहे. मग एकेकाला हाताळतात. सेनार विटाळाच्या कल्पनेवर भर देतात, पण ती खास जातीची खूण नाही. नेसफील्ड बाहेरच्यांशी रोटीव्यवहार नसणं पुढे करतात, म्हणजे परिणामालाच कारण समजतात. केतकरांना ते सर्वांत जास्त मान देतात, कारण त्यांनी जातीचा विचार जातिव्यवस्थेच्या संदर्भात केला. तरी केतकर जी दोन लक्षणं वेगळी मानतात, जातीबाहेर लग्नाला बंदी आणि जन्मानेच मिळणारं सदस्यत्व, ती एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, हेही दाखवतात. बाहेर लग्न बंद केलं की जातीत जन्मलेलेच जातीत उरणार. आणि मग त्यातून स्वतःचं म्हणणं पुढे येतं : जातीचं मर्म जातीअंतर्गत विवाहात आहे.

महाराष्ट्र शासनाने काढलेल्या त्यांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या पहिल्या खंडात हा निबंध आहे. तेवढी सुरुवातीची पानं समोर ठेवा आणि प्रत्येक वाक्याशेजारी लिहा : हे मत कुणाचं, ही शंका कशाबद्दल, इथे लेखकाने काय घेतलं, काय सोडलं. मग आपल्या निबंधाचं एक पान तसंच तपासा. समासात सलग सात-आठ वेळा ‘दुसऱ्याचं मत’ आलं, तर शेरा का आला ते कळेल.

आणखी एक. इंग्रजी अभ्यासलेखनात ठामपणा मोजून मापून वापरतात. ‘सिद्ध होतं’ क्वचित, ‘दिसतं’, ‘असावं’, ‘या नमुन्यापुरतं म्हणता येईल’ वारंवार. मराठी माणसाला हे परकं वाटायचं कारण नाही. पाऊस पडला, पडला असावा, पडला म्हणे, या तिन्हींतला फरक आपण लहानपणापासून पाळतो. ‘म्हणे’ लावतो तिथे लेखकाचं नाव आणि वर्ष द्यायचं. ‘असावा’ लावतो तिथे इंग्रजीतही तसंच सौम्य क्रियापद हवं.

प्रश्न : वाङ्मयचौर्याची फार भीती वाटते. मराठी पुस्तकातलं वाक्य मी स्वतः भाषांतर केलं तर ते माझंच ना? (वाचक, कोल्हापूर)

नाही. भाषांतर तुमचं, विचार मूळ लेखकाचा. संदर्भ द्यायचाच, शब्दशः भाषांतर असेल तर अवतरणचिन्हं आणि पानाचा क्रमांकही, आणि भाषांतर तुम्ही केल्याचा उल्लेखही. संदर्भसूचीत मराठी शीर्षक रोमन लिपीत लिहून त्यापुढे चौकटी कंसात इंग्रजी अर्थ देण्याची पद्धत बऱ्याच शैलींत चालते. आपल्या विभागाची शैली कोणती ते हँडबुकमध्ये पाहा.

चोरी बहुतेक वेळा हेतूने होत नाही, टिपणं काढताना होते. महिन्यापूर्वी उतरवून घेतलेला परिच्छेद आज आपलाच वाटतो. म्हणून जसंच्या तसं उतरवलं की त्याच क्षणी अवतरणचिन्हं आणि पान क्रमांक टाका. स्वतःच्या शब्दांत लिहायचं तर पुस्तक मिटून लिहा, मग उघडून ताडून पाहा. समोर ठेवून चार शब्द बदलले तर वाक्याचा सांगाडा लेखकाचाच राहतो. टर्निटिन ही तपासणी प्रणाली निबंधाचा किती भाग इतर मजकुराशी जुळतो याचा टक्का दाखवते, पण तो टक्का म्हणजे निकाल नव्हे. संदर्भसूचीमुळेही तो वाढतो, आणि एकच बिनसंदर्भ परिच्छेद असेल तर टक्का कमी असूनही चौकशी होते. सगळा निबंध मराठीत लिहून यंत्राकडून भाषांतरित करून घेणं किंवा एआयकडून लिहून घेणं, याचे नियम विद्यापीठागणिक, कधी मॉड्यूलगणिकही बदलतात. गृहीत धरू नका, लेखी नियम वाचा.

प्रश्न : सेमिनारमध्ये तोंडच उघडत नाही. वाक्य मनात जुळवेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. (वाचक, पणजी)

पहिल्या दहा मिनिटांत बोला. नंतर गर्दी होते. घरून दोन गोष्टी लिहून न्या : लेखातला एक न कळलेला मुद्दा, पान क्रमांकासह, आणि आपल्याकडचं एक उदाहरण जिथे लेखकाचं म्हणणं लागू पडत नाही. कागदावरून वाचलंत तरी चालतं. शिक्षकांना तिथे नावाने हाक मारतात. सुरुवातीला जीभ वळत नाही, पण ‘सर’ म्हणून गप्प बसण्यापेक्षा नावाने हाक मारून शंका विचारणं त्यांना आवडतं. ऑफिस अवर्स, म्हणजे शिक्षकांना भेटायच्या ठरलेल्या वेळा, शंकांसाठीच असतात. तिथे जाणं म्हणजे कच्चं असल्याची कबुली नव्हे.

प्रश्न : प्रबंधासाठी बीडच्या ऊसतोड कामगारांच्या मुलाखती घ्यायच्या आहेत. डिसेंबरच्या सुट्टीत गावी येईन तेव्हाच घेऊन टाकू का? (वाचक, सध्या लंडन)

घेऊ नका. विद्यापीठाची नैतिक मान्यता (एथिक्स अप्रूव्हल) मिळण्याआधी घेतलेल्या मुलाखती वापरता येत नाहीत, मग त्या कितीही चांगल्या असोत. प्रस्ताव साधारण वसंतात, मान्यता त्यानंतर, आणि १०,००० ते १५,००० शब्दांचा प्रबंध ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला द्यायचा. मधले आठवडे मोजकेच. डिसेंबरमध्ये शिवाय तोडणीचा हंगाम चालू असतो. माणसं गावात नाहीत, कारखान्याच्या परिसरात कोपीवर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, आहेत. हंगाम उतरल्यावर ती परततात. तुमच्या वेळापत्रकाला ते सोयीचंच आहे.

संमतिपत्र मराठीत करा, आणि ते वाचून दाखवून तोंडी संमती ध्वनिमुद्रित करण्याची परवानगी अर्जातच मागा. तासाभराची मुलाखत उतरवायला पाच-सहा तास लागतात, भाषांतराला आणखी. आठ-दहा मुलाखतींपेक्षा जास्त घेतल्या तर विश्लेषणाला वेळ उरणार नाही.

काही शब्दांचं भाषांतर करूच नका. ‘कोयता’चा इंग्रजी शब्द लिहिलात तर वाचकाला हत्यार दिसेल. इथे कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मजुरीच्या हिशेबात एक धरलेली. बाईचं काम वेगळं मोजलंच जात नाही, हे त्या एका शब्दात आहे. ‘उचल’ म्हणजे नुसता ॲडव्हान्स नव्हे. ती फिटली नाही तर पुढच्या हंगामाला माणूस त्याच मुकादमाशी बांधला जातो. असा शब्द तिरप्या रोमन अक्षरांत ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे दोन-तीन वाक्यांत उलगडा आणि पुढे तोच वापरा. एखाद्या शब्दाचा उलगडा करता करता प्रकरणाचा मुख्य मुद्दाच हाती लागतो, म्हणून ही वाक्यं शेवटच्या रात्रीसाठी ठेवू नका.

आणि रकमा लाखात लिहू नका. दहा लाख म्हणजे एक मिलियन, एक कोटी म्हणजे दहा मिलियन. उचलीचे आकडे रुपयांतच द्या, पौंडातली किंमत एकदाच, कोणत्या तारखेच्या दराने काढली त्या नोंदीसह.